गावाचं मैलापाणी दलदलीत सोडलं आणि तिथं लोक फिरायला येऊ लागले. काय असतं हे कृत्रिम पाणथळ?

सांडपाणी शुद्धीकरण केंद्र म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गावाबाहेरची लांबलचक भिंत, आत घरघरणारी मशिन्स आणि शेजारून जाताना पटकन गाडीची काच वर करणारे आपण.

पण अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर अर्काटा नावाचं एक गाव आहे. लोकवस्ती साधारण १८ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या नगरपंचायतीएवढी. या गावातले लोक सकाळी चालायला जातात ते सांडपाणी केंद्रावर. कुणाच्या गळ्यात दुर्बीण असते, कुणी कुत्र्याला फिरवतंय, कुणी बगळ्यांचे फोटो काढतंय. ३०७ एकरांचा परिसर आहे आणि तिथं आजवर सुमारे ३०० जातींचे पक्षी नोंदवले गेलेत. यातला एक भाग अख्ख्या गावाचं संडास-बाथरूमचं पाणी साफ करतो. गावाला त्याचा इतका अभिमान आहे की तिथं एक घोषवाक्यच तयार झालं, 'फ्लश विथ प्राइड'. म्हणजे अभिमानानं फ्लश करा!

ऐकायला मजेशीर वाटतं, पण हे सगळं सुरू झालं एका भांडणातून.

मोठा प्रकल्प नको, असं म्हणणारं गाव

अर्काटा हे हम्बोल्ट खाडीच्या काठावर आहे. ही खाडी कालवांसाठी प्रसिद्ध आहे. कालवं म्हणजे तीच, जी आपल्याकडे मालवण-वेंगुर्ल्याच्या खाडीत लोक दगडावरून फोडून काढतात. कालवांचा प्रॉब्लेम असा की ती पाणी गाळून खातात. खाडीत मैलापाणी आलं की त्यातले जंतू थेट कालवात आणि कालवातून खाणाऱ्याच्या पोटात. त्यामुळं खाडीत काय सोडायचं हा या भागात पोटापाण्याचा प्रश्न होता.

१९७४ मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं नवं धोरण आणलं. खाड्यांमध्ये सांडपाणी सोडायचं नाही, अगदी प्रक्रिया केलेलं असलं तरी नाही. अपवाद एकच होता. तुमच्या पाण्यामुळं खाडीची तब्येत सुधारते, असं तुम्ही सिद्ध करून दाखवलंत तर सोडा. आता गटाराच्या पाण्यानं खाडी सुधारते हे कोण सिद्ध करणार?

म्हणून खाडीकाठच्या गावांसाठी एक मोठा सामायिक प्रकल्प ठरला. सगळ्यांचं मैलापाणी पाइपलाइननं खाडीखालून पलीकडं न्यायचं, तिथं मोठ्या केंद्रात साफ करायचं आणि खोल समुद्रात सोडून द्यायचं. त्या काळात अमेरिकेचं केंद्र सरकार अशा प्रकल्पांच्या खर्चाचा मोठा वाटा उचलायचं, त्यामुळं मोठं बांधायला कुणाची हरकत नव्हती.

हरकत घेतली अर्काटानं. गावातल्या लोकांचं म्हणणं साधं होतं. भूकंपाच्या पट्ट्यात खाडीखालून मैल्याची पाइपलाइन न्यायची, ती फुटली तर काय? बांधायला पैसे सरकार देईल, पण पंपांचं वीजबिल कायम कोण भरणार? आणि पाणी आपलं असताना ते समुद्रात फेकून का द्यायचं?

नुसता विरोध करून भागत नाही, पर्याय द्यावा लागतो. तो गावातल्याच विद्यापीठात तयार होता. जॉर्ज अॅलन नावाचे मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि समुद्राचं पाणी एकत्र करून त्यात सॅमन माशांची पिल्लं वाढवत होते. पिल्लं जगत होती, वाढत होती. त्यांच्या जोडीला आले पर्यावरण अभियांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट गिअरहार्ट, नगरपालिकेच्या बांधकाम विभागाचे प्रमुख फ्रँक क्लॉप आणि नगरसेवक डॅन हाउझर. या मंडळींनी सांगितलं की आपण दलदल तयार करू आणि पाणी तिच्यातून फिरवून साफ करू.

राज्य सरकारला हे पटायला वेळ लागला. १९७९ ते १९८२ अशी तीन वर्षं छोट्या छोट्या वाफ्यांमध्ये प्रयोग चालले. पाणी आत जाताना किती घाण, बाहेर येताना किती घाण, याचे आकडे जमवले गेले. शेवटी परवानगी मिळाली आणि १९८६ मध्ये पूर्ण यंत्रणा उभी राहिली. खर्च झाला तो त्या मोठ्या प्रकल्पाच्या मानानं अगदी थोडा.

जागा कुठली वापरली असेल? गावाचा बंद पडलेला कचरा डेपो आणि लाकूड गिरण्यांची ओंडके भिजवायची जुनी तळी. म्हणजे कुणालाच नको असलेली जमीन. आज तिथल्या दलदलींना अॅलन, गिअरहार्ट आणि हाउझर यांची नावं आहेत, एका तळ्याला क्लॉपचं आहे. पुतळ्यांपेक्षा बरं वाटतं हे.

पण दलदलीत पाणी साफ होतं कसं?

इथं एक गैरसमज आधी दूर करू. बहुतेकांना वाटतं की झाडं मुळांनी घाण शोषून घेतात. थोडी घेतात, नाही असं नाही. पण खरं काम करतात जिवाणू, आणि झाडं त्या जिवाणूंना राहायला घर देतात.

बाथरूममधली बादली आठ दिवस घासली नाही की आतून बुळबुळीत थर येतो ना? अगदी तसाच थर पाण्यातल्या प्रत्येक खड्यावर, मुळावर आणि देठावर धरतो. तो थर म्हणजे जिवाणूंची वसाहत. मैलापाण्यातला सेंद्रिय भाग, म्हणजे विष्ठा, अन्नाचे कण, साबणातले काही घटक, हे त्यांचं जेवण. हेच पाणी थेट नदीत गेलं असतं तरी तिथल्या जिवाणूंनी ते खाल्लंच असतं. पण खाताना त्यांना ऑक्सिजन लागतो आणि तो ते नदीच्या पाण्यातून ओढून घेतात. मग माशांना पुरत नाही आणि मासे उलटे तरंगायला लागतात. 'नदीचा बीओडी वाढला' असं बातमीत येतं, ते हेच. पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, त्याचं माप म्हणजे बीओडी. पाणथळात हे जेवण नदीच्या अगोदरच उरकून घेतलं जातं.

नायट्रोजनची गोष्ट तर अजून भारी आहे. लघवीतून पाण्यात अमोनिया येतो आणि तो माशांना विषारी असतो. पाणथळातल्या झाडांची देठं आतून पोकळ, स्पंजसारखी असतात आणि त्या नळ्यांमधून थोडी हवा मुळांपर्यंत उतरते. हवा मिळते तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. जिथं हवा अजिबात पोचत नाही तिथं वेगळे जिवाणू बसलेले असतात, ते नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात. तो बुडबुड्यानं वर येतो आणि हवेत मिसळतो. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळं काही बिघडत नाही. एकाच वाफ्यात, इंचा-इंचाच्या अंतरावर दोन उलट कामं चालू असतात.

अर्काटामध्ये झाडांचं आणखी एक काम आहे. तिथं मैलापाणी आधी जाळ्यांतून जातं, मग टाक्यांमध्ये गाळ खाली बसतो, मग ते उघड्या तळ्यांमध्ये बरेच दिवस राहतं. ऊन लागून तिथं हिरवं शेवाळ माजतं. शेवाळ ऑक्सिजन देतं म्हणून ते हवं असतं, पण शेवटी ते पाण्यातून काढायचं कसं? गाळत बसायचं तर मशिन आलं, वीज आली. त्याऐवजी पाणी दाट वाढलेल्या लव्हाळ्यांमध्ये सोडतात. सावलीत शेवाळाला ऊन मिळत नाही, ते मरून तळाशी बसतं. तिथून निघालेलं पाणी जंतुनाशक करून त्या प्रसिद्ध दलदलींमध्ये जातं आणि मग खाडीत. म्हणजे यंत्रं अजिबात नाहीत असं नाही. पण हवा फुंकायचं आणि गाळायचं महागडं काम निसर्गावर सोपवलंय.

ही कल्पना अर्काटाच्याही आधीची आहे. जर्मनीत प्लोन इथल्या माक्स प्लांक संस्थेत केथे झाइडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लव्हाळ्यांवर असे प्रयोग केले होते. त्या काळच्या इंजिनीअर मंडळींना ते फारसं पटलं नाही. गवतानं कुठं गटार साफ होतं का, असा एकूण सूर. पुढं राइनहोल्ड किकुट यांनी त्यावर काम करून 'रूट झोन' पद्धत आणली आणि मग युरोपात गावोगावी अशी पाणथळं दिसायला लागली.

आणि डासांचं काय?

कमेंटमध्ये पहिला प्रश्न हाच येणार, म्हणून आधीच घेते.

कृत्रिम पाणथळाचे ढोबळमानानं दोन प्रकार आहेत. एक अर्काटासारखं, ज्यात पाणी उघडं दिसतं. इथं डासांची काळजी घ्यावीच लागते. पाणी वाहतं ठेवायचं, मासे सोडायचे, झाडांची फार गर्दी होऊ द्यायची नाही. दुसऱ्या प्रकारात पाणी दिसतच नाही. खाली न झिरपणारं अस्तर घालतात, त्यावर खडी आणि वाळूचे थर, त्यात झाडं, आणि पाणी खडीच्या पृष्ठभागाच्या खालून वाहतं. वरून पाहिलं तर बाग वाटते. उघडं पाणी नाही म्हणजे डासांना अंडी घालायला जागा नाही, वासही जवळपास नाही. आपल्याकडे वस्तीत करायचं तर हाच प्रकार सोयीचा.

झाडंही आपल्या ओळखीची आहेत. पाणकणीस, म्हणजे तळ्याकाठी तपकिरी कणसं येतात ते गवत. नळ, म्हणजे ज्याच्या काड्यांचे बोरू करायचे. कर्दळ. अळू. आमच्या आजोळी मोरीचं पाणी सरळ मागच्या परसात जायचं, अळवाच्या आणि कर्दळीच्या वाफ्यात. तिथं कधी चिखल साचलेला मी पाहिला नाही. अर्थात तो काही शुद्धीकरण प्रकल्प नव्हता आणि त्या पाण्यात संडासाचं पाणीही नसायचं. पण मोरीच्या तोंडाशी अळूच का लावायचं, हे आजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. (त्या अळवाचं फदफदं मात्र आम्ही कधी खाल्लं नाही. ते वेगळ्या वाफ्यातलं.)

आपल्याकडे प्रश्न केवढा आहे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा अहवाल आहे. भारताच्या शहरी भागात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. ते साफ करण्यासाठी बसवलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर. आणि खरोखर साफ होतं किती? २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे १०० बादल्यांपैकी २८. महाराष्ट्राचे आकडे बघायचे तर रोज ९,१०७ दशलक्ष लिटर तयार होतं आणि ४,२४२ साफ होतं. निम्म्याहून कमी.

यातला दुसरा आणि तिसरा आकडा नीट बघा. केंद्रं बांधलेली आहेत, पण तीसुद्धा पूर्ण चालत नाहीत. कुठं गटाराच्या लाइनी केंद्रापर्यंत पोचलेल्याच नसतात. कुठं पंप जळालेला असतो आणि दुरुस्तीचं टेंडर निघालेलं नसतं. आणि नेहमीच्या केंद्रात टाक्यांमध्ये हवा फुंकणारे ब्लोअर सतत चालवावे लागतात, त्यांचं वीजबिल छोट्या नगरपालिकेला झेपत नाही. नगरपालिका कशाला, मी राहते त्या सोसायटीत आधी ब्लोअर रात्री बंद ठेवायला लागले, मग दिवसाही. बिल्डरनं दिलेला एसटीपी कागदावर आहे, पाणी नाल्यात आहे. मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला की सगळे घड्याळाकडे बघतात.

पाणथळाची खरी ताकद इथं आहे. ते मशिनपेक्षा जास्त स्वच्छ पाणी देतं असं नाही. पण लाइट गेली तरी ते बंद पडत नाही. जिवाणूंना लोडशेडिंग नसतं.

आणि हे फक्त परदेशात चालतं असंही नाही. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेनं 'फायटोरिड' नावाचं याच तत्त्वावरचं तंत्र विकसित करून त्याचं पेटंट घेतलंय, मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात ते बसवलं गेलं. दिल्लीत पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये स्वतःच्या आवारात मोठं पाणथळ उभं केलं. जागा दीड हेक्टरच्या आत, क्षमता रोज २२ लाख लिटर. शेजारच्या वसाहतीचं मैलापाणी पाणकणसाच्या वाफ्यांतून साफ होतं आणि संस्थेच्या शेतांना जातं. कापलेल्या पाणकणसापासून प्लायवूडसारखे बोर्ड करायचा प्रयोगही त्यांनी केला.

आणि कोलकात्याला तर कुठला इंजिनीअर येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी आणि शेतकरी शहराचं मैलापाणी पूर्वेकडच्या तळ्यांमध्ये घेऊन त्यावर मासे आणि भाजी पिकवत आलेत. १२,५०० हेक्टरचा हा पट्टा २००२ मध्ये रामसर यादीत गेला. त्यासाठी ध्रुवज्योती घोष या अधिकाऱ्यानं आयुष्य घातलं. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथं थांबते.

मग सगळीकडे का करत नाहीत?

पहिलं कारण जागा. आपल्यासारख्या उष्ण हवामानात जिवाणू वर्षभर जोमात असतात, त्यामुळं युरोपपेक्षा कमी जागा लागते. तरी माणशी १ ते २ चौरस मीटर धरून चाला. १० हजार वस्तीच्या गावाला साधारण अडीच ते पाच एकर. गावाला हे जमू शकतं, गायरान असतं, ओढ्याकाठची पडीक जमीन असते. पण शहरातल्या ८०० माणसांच्या सोसायटीला ८०० चौरस मीटर म्हणजे साठेक गाड्यांचं पार्किंग. कोण देणार? मुंबई-पुण्याच्या मध्यवस्तीत हा उपाय चालणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तिथं मशिनच लागेल.

दुसरं कारण म्हणजे 'निसर्ग आहे, आपोआप चालेल' हा समज. आधी गाळ बसवायची टाकी नीट नसेल, किंवा ती वेळेवर उपसली नाही, तर खडीच्या फटी बुजतात. मग पाणी वर तुंबतं, वास सुटतो, डास होतात आणि लोक म्हणतात, बघा, फेल गेलं. झाडं वेळेवर कापावी लागतात. ती तिथंच कुजली तर त्यांनी घेतलेलं खत परत पाण्यात जातं. फॉस्फरसचं तर असं आहे की तो सुरुवातीला खडीला चिकटतो, पण काही वर्षांनी खडीची जागा भरते आणि मग तो निसटायला लागतो. या कामांना इंजिनीअर लागत नाही, पण एक माणूस कायमचा लागतो आणि त्याचा पगार बजेटमध्ये असावा लागतो. उद्घाटनाच्या बजेटमध्ये तो बहुतेक वेळा नसतो.

तिसरं कारण सगळ्यात गंभीर. पाणथळ जे पचवू शकतं ते फक्त सेंद्रिय. कारखान्यांचं रसायन, जड धातू हे पचत नाहीत, ते गाळात साठत जातात. याचं सगळ्यात वाईट उदाहरण अर्काटाच्याच राज्यात आहे, तिथून बरंच दक्षिणेला. सॅन होआकीन खोऱ्यातल्या शेतांतून निचरा झालेलं पाणी केस्टरसन नावाच्या पक्षी अभयारण्यातल्या तळ्यांमध्ये सोडलं जात होतं. कल्पना अशी की शेतीचं पाणीही मार्गी लागेल आणि पक्ष्यांनाही पाणथळ मिळेल. पण त्या जमिनीत सेलेनियम होतं. ते पाण्यात उतरलं, शेवाळात साठलं, किड्यांत साठलं, पक्ष्यांत साठलं. १९८३ मध्ये तिथल्या अंड्यांमधून डोळे नसलेली, चोच वाकडी असलेली पिल्लं निघाली. १९८६ मध्ये ते पाणी थांबवावं लागलं. त्याच वर्षी अर्काटाची दलदल पूर्ण झाली होती. एकाच राज्यात दोन पाणथळं होती. एकात स्वयंपाकघराचं आणि संडासाचं पाणी जात होतं, दुसऱ्यात काय जातंय हे आधी कुणी नीट तपासलं नव्हतं.

त्यामुळं तुमच्या गावात असा प्रकल्प येणार असेल तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. नाल्यात एमआयडीसीचं पाणी मिसळतंय का? गाळाची टाकी कोण आणि किती दिवसांनी उपसणार? आणि झाडं कापायला माणूस कोणाच्या पगारावर असेल? उत्तरं गोलगोल आली तर कर्दळीच्या फोटोंना भुलू नका.

अर्काटाचंही सगळं आलबेल आहे असं नाही. गावाच्या जुन्या गटार लाइनींमध्ये पावसाळ्यात पावसाचं पाणी शिरतं आणि दलदलीवर झेपणार नाही इतका भार येतो. यंत्रणा जुनी झाली, नियम कडक झाले, म्हणून सुधारणेचं काम काढावं लागलं. आणि समुद्राची पातळी वाढतेय. ज्या खाडीसाठी हे सगळं केलं, तिच्या आणि दलदलीच्या मध्ये फक्त मातीचा बांध आहे. तो उंच करायचा, की पुढं कधीतरी सगळं केंद्रच मागं हलवायचं, यावर गावात आता पुन्हा चर्चा चालू आहे.